अंगठा कुणाचा, डोळा कुणाचा

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. शारदीय नवरात्राच्या आधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. इथली मूर्ती चल आहे. पुजारी ती सिंहासनावरून उचलतात आणि पलंगावर निजवतात. महिषासुराला मारणारी, निम्म्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी असलेली शक्तीही थकते, तिलाही डोळे मिटावे लागतात, याचे धाराशिव जिल्ह्यातल्या भाविकाला कधी नवल वाटलेले नाही. देवी निजली म्हणजे तिने आपल्याला टाकले, असे कुणी म्हणत नाही. थकते म्हणूनच ती आई.

तिच्या मंदिराच्या आवारात सीसीटीव्ही आहेत. यात्रेतली रेटारेटी, पाकीटमारी, चेंगराचेंगरीची भीती ही त्यांची कारणे खरी आहेत आणि गर्दीत लेकरू हरवलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. पण त्या डोळ्यांना निद्रा नाही. आणि देवीपुढे माणूस जे करतो ते त्यांच्यापुढे करता येत नाही. तो देवीला नवस बोलतो, नवस फिटला नाही तर तिच्याशी भांडतो, गाऱ्हाणे घालतो, वर्षभर रुसून येत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊन पायरीवर डोके ठेवतो. पाहणारी आणि पाहिला जाणारा यांच्यात ये-जा असते. कॅमेऱ्याच्या पलीकडे कोण बसले आहे, चित्रीकरण किती दिवस राहते, ते आणखी कुणाकुणाकडे जाते, हे रांगेतल्या माणसाला ठाऊक नसते.

सगळे पाहणारी, सगळे टिपून ठेवणारी सत्ता ही कल्पना मुळात धर्माची. चित्रगुप्ताच्या वहीत प्रत्येकाचे खाते आहे. धाराशिव शहरातल्या ख्वाजा शमशोद्दीन गाझींच्या दर्ग्यात उरुसाला जाणाऱ्या मुसलमानाच्या श्रद्धेत दोन फरिश्ते माणसाच्या दोन खांद्यांवर बसून त्याचे बरेवाईट लिहितात. पण जगातल्या कुठल्याही मोठ्या परंपरेने ही वही दयेवाचून कल्पिलेली नाही. वारकऱ्याला नाम आहे, मुसलमानाला तौबा आहे, ख्रिस्ती माणसाला कबुली आणि क्षमा आहे. सर्वसाक्षी असण्याचा अधिकार माणसाने देवाला दिला तो याच भरवशावर की जो सगळे पाहतो तो सगळे समजूनही घेईल आणि योग्य वेळी खाते कोरे करील. गेल्या दीडशे वर्षांत राज्यसंस्थेने आणि तिला यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी यातला फक्त पहिला भाग उचलला. पाहणे घेतले, लिहिणे घेतले. खाते कोरे करणारा कुणी नेमलाच नाही. मानवी हक्कांचा आजचा प्रश्न, मग तो तुळजापुरातला असो की नैरोबीतला, इथून सुरू होतो.

पाळतीचे तंत्र पश्चिमेने घडवले आणि आपल्यावर लादले, असा एक सोयीचा समज आहे. बोटांच्या ठशांचा इतिहास त्याला छेद देतो. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारनाम्यावर उमटवून घेतला. कारण इतकेच, की त्याला पुढे करार नाकारता येऊ नये. चार दशकांनी, १८९७ मध्ये, कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली ठशांचे कार्यालय उभे राहिले. त्या ठशांची वर्गवारी करण्याचे गणित काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी बसवले, आणि पद्धतीला नाव मात्र हेन्रीचे मिळाले. १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. त्याआधीच, १९०० मध्ये, हेन्रीला जोहान्सबर्गच्या पोलीस दलाची घडी बसवायला पाठवले होते. बंगालच्या रयतेवर तासून घेतलेले हत्यार असे समुद्रापार गेले, आणि थोड्याच वर्षांत दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसांच्या दहा बोटांवर येऊन थांबले.

ट्रान्सवाल सरकारने १९०६ मध्ये प्रत्येक हिंदी माणसाची नोंदणी आणि ठसे सक्तीचे करायचे ठरवले. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात त्याविरुद्ध शपथा घेतल्या गेल्या आणि पुढे सत्याग्रह म्हणून ओळखल्या गेलेल्या लढ्याचा जन्म झाला. गांधींनी त्यासाठी हेन्रीचे ठशांवरचे पुस्तकही वाचले होते. कायद्याने ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतात, हे त्यांना त्यातूनच कळले आणि त्यांनी ते लोकांना सांगितले. मग जानेवारी १९०८ मध्ये ट्रान्सवालचे मंत्री स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. लोकांनी आपखुशीने नोंदणी करायची, सरकारने नोंदणीसक्तीचा काळा कायदा मागे घ्यायचा. गांधी म्हणाले, आता मी स्वतः दहा बोटांचे ठसे देईन. पठाण संतापले. कालपर्यंत जे गुन्हेगाराचे लक्षण होते ते आज सभ्य कसे झाले, असा त्यांचा सवाल होता, आणि १० फेब्रुवारी १९०८ रोजी नोंदणीला निघालेल्या गांधींना मीर आलम व त्याच्या साथीदारांनी रस्त्यात बेदम मारले. शुद्धीवर आल्यावर गांधींनी नोंदणीचे कागद अंथरुणापाशी मागवून ठसे दिले.

हा प्रसंग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मीर आलमला दिसले ते तंत्राचे चारित्र्य: जे हत्यार गुन्हेगारासाठी घडले ते कुणाच्याही हाताला लागले तरी आपला स्वभाव सोडत नाही. गांधींना दिसला तो माणसाचा संकल्प: तीच कृती सक्तीने केली तर अपमान, राजीखुशीने केली तर विश्वास. पण राजीखुशीला एक अट असते. नाही म्हणायची मुभा खरी हवी, आणि दिलेले परत मागता यायला हवे. सरकारने कायदा मागे घेतला नाही तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे कढईत टाकून जाळली गेली. दिलेली संमती लोकांनी परत घेतली. कागद होता म्हणून जाळता आला. आजच्या सर्व्हरवरची नोंद कुठल्या कढईत टाकायची, याचे उत्तर गांधींच्या काळाला द्यावे लागले नाही.

इकडे भारतात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा मानले होते. निजामाच्या मुलखाला लागून असलेल्या, इंग्रजी अमलाखालच्या सोलापुरात या जमातींची वसाहत होती, तारांच्या कुंपणातली. पारधी, कैकाडी, भामटे अशा अनेक जमातींच्या माणसाने गुन्हा केला नसला तरी त्याचे नाव वहीत, ठसा वहीत, आणि ठरल्या वेळी हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या लोकांना विमुक्त म्हणतात. पण वही बंद झाली तरी वहीची सवय जात नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पोलिसांच्या नजरेखाली जगणे म्हणजे काय हे पांढरपेशा महाराष्ट्राला पहिल्यांदा घरातल्या माणसाने सांगितले. त्यांचे धनेगाव आज लातूर जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत ते उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत पारधी मुलांची वसतिशाळा उभी राहिली तीही याच जमिनीत, जिथे गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो.

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने १९२० चा जुना कायदा बाजूला केला. अटक झालेल्या माणसाच्या बोटांच्या आणि तळव्यांच्या ठशांबरोबर बुबुळ, डोळ्यांचा पडदा, जैविक नमुने, सही आणि हस्ताक्षर घेण्याची मुभा त्याने दिली. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाने हे सगळे ७५ वर्षे जपायचे आहे. पंचाहत्तर वर्षे म्हणजे पालावरच्या माणसाच्या आयुष्याहून बहुधा जास्तच. ज्या जमातींना कागदावर मुक्त होऊन आत्ताशी तेवढी वर्षे होत आहेत त्यांच्या बाबतीत, संशयाने पकडायची जुनी रीत आणि न विसरणारी नवी वही एकत्र आली, तर १८७१ चे काम १८७१ च्या कायद्याशिवाय होऊ शकते. हा आरोप कुणा अधिकाऱ्याच्या हेतूवर नाही. चांगल्या हेतूचा अधिकारीही वहीत असेल तेच वाचणार.

पण न्यायाने दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि ती लंगडी नाही. समोरासमोरची, ओळखीच्या माणसाची नजर ही काही आपोआप दयाळू नसते. गावाला सगळे ठाऊक असते ते जातीसकट. बाबासाहेब आंबेडकर फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषदेला आले, ते आजच्या याच जिल्ह्यातले गाव. वतनाने बांधलेल्या माणसाला गावाच्या नजरेतून सुटका नव्हती: कुठे उभे राहायचे, कुणाचे काम करायचे, हे ती नजर ठरवत असे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी गाव हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक स्वीकारल्याबद्दल समाधान व्यक्त केले, त्यामागे हा अनुभव होता. मग गावाच्या, पाटलाच्या, तलाठ्याच्या मर्जीवाचून माणसाला थेट राज्याशी जोडणारा एक क्रमांक मिळाला, तर ती त्याच विचाराची पुढची पायरी का मानू नये? २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक आदिवासींना दिले गेले तेव्हा दिलेले वचन हेच होते.

आणि काही अंशी ते पाळलेही गेले. दिवाळीच्या सुमारास भूम, परंड्याच्या बाजूने ऊसतोड मजुरांचे ट्रक भरून निघतात. मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या आवारात खोपी टाकून चार-पाच महिने राहते. पूर्वी त्यांचे रेशन गावातल्या दुकानात पडून राहायचे किंवा दुसऱ्याच्याच पदरात पडायचे. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे निदान नियमाने तरी ते फडाच्या गावात उचलता येते. हा हक्क अंगठ्याने मिळवून दिलेला आहे, तो नाकारता येणार नाही.

फक्त तो अंगठा उठायला हवा. ऊस तोडणाऱ्या, पाचट ओढणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात. दुकानदार म्हणतो 'ठसा येत नाही', कधी 'सर्व्हर डाऊन आहे', कधी 'केवायसी करून या', आणि यातले काहीच त्याच्या हातात नसते. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी ठेवली तिच्यानुसार सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचे प्रमाण ८८ टक्के होते. उरलेले १२ टक्के एखाद्या अभियंत्याला सुधारण्याजोगी चूक वाटेल. त्या १२ टक्क्यांत आलेल्या बाईला मात्र आपलेच शरीर आपल्याविरुद्ध साक्ष देते आहे असे वाटते. पूर्वी पाटील नाही म्हणायचा तेव्हा त्याच्या दारात बसता येत होते, त्याला शिव्या देता येत होत्या, निदान तो अन्याय करतो आहे हे सगळ्या गावाला दिसत होते. यंत्राच्या नकारात अन्याय करणाराच दिसत नाही. न्यायालयाने त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चार विरुद्ध एक बहुमताने आधार कायदा बहुतांशी वैध ठरवला आणि पडताळणी फसली म्हणून कुणाचा लाभ हिरावू नये, असेही बजावले. विरोधी मत एकट्या न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. माणसाची ओळख एका क्रमांकात आणि एका संभाव्यतेत कोंडता येत नाही, हा त्या मताचा गाभा.

पुढे ही सक्ती एकेका योजनेत शिरत गेली. दुष्काळातून महाराष्ट्रानेच देशाला दिलेल्या रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरून दिवसात दोनदा मजुरांचे फोटो सक्तीचे झाले. पालावरच्या हजेरीची आठवण असलेल्या मुलखात ही दोन वेळची हजेरी फारशी कुणाला खटकलेली दिसली नाही, याचे वाईट वाटते. अंगणवाडीच्या सेविकांनी मात्र आवाज केला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी सरकारने दिलेले मोबाइल परत नेऊन दिले. फोन निकामी होत होते आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होते. जुलै २०२५ पासून त्याच ॲपवर घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा पडताळणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, आणि तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. दोघेही हयात नसलेल्या बायकांचे काय, हा प्रश्न यंत्र सुरू झाल्यावर सुचला आणि त्यांना कागद घेऊन पुन्हा अंगणवाडी सेविकेकडेच पाठवावे लागले. व्यक्तीला घटक मानण्याचे वचन देऊन आलेल्या व्यवस्थेने बाईला पुन्हा कुणाची तरी लेक किंवा बायको म्हणून उभे केले.

हीच व्यवस्था आता आपण जगाला देतो आहोत, म्हणून हे घरचे धुणे इतके तपशिलात सांगितले. आधारचे ठसे जुळवणारी सुरुवातीची यंत्रणा बाहेरून आली होती. २०१० मध्ये निवडलेल्या पुरवठादारांत अमेरिकेची एल-वन आणि फ्रान्सची मॉर्फो होती. या दोन्ही पुढे एकाच घरात गेल्या आणि आज आयडेमिया या नावाने ओळखल्या जातात. आधारच्या अनुभवावर बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ मध्ये 'मोसिप' नावाचे ओळख-व्यवस्थेचे खुले सॉफ्टवेअर बांधायला सुरुवात झाली. फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपिया अशा देशांनी ते आपल्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी स्वीकारले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीच्या जी-२० परिषदेत डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा हा भारताचा अभिमानाचा विषय होता. अभिमान खोटा नाही. आफ्रिकेतल्या गरीब देशाला एकाच महागड्या परदेशी कंपनीच्या दावणीला बांधून न घेता स्वतःची यंत्रणा उभारता येते, ही मोठीच गोष्ट आहे.

पण यंत्राबरोबर ते वापरण्याची रीतही जाते. आपली रीत काय होती? पहिला आधार क्रमांक २०१० चा. आधारचा कायदा मार्च २०१६ चा. एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटी माणसांची नोंद पुरी झाली. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला २०२३ मध्ये, त्यातही सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मोकळीक ठेवून. आधी यंत्र, मग गरज, मग सवय, आणि सर्वांत शेवटी हक्क.

केनियाने हा क्रम उलटा करायचा प्रयत्न केला, तो आपल्याकडे फारसा कुणी वाचलेला दिसत नाही. तिथल्या सरकारने २०१९ मध्ये 'हुदुमा नंबर' नावाची ठशांवर आधारलेली नोंदणी काढली. ठसे घेणारे संच आयडेमियाचेच. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत नुबियन समाजाची संघटना पुढे होती. ब्रिटिशांनी सैन्यासाठी सुदानातून आणलेल्यांचे हे वंशज. पिढ्यान्‌पिढ्या केनियात राहूनही त्यांना ओळखपत्रासाठी वेगळ्या छाननी समितीपुढे उभे राहावे लागत होते. त्यांचे म्हणणे साधे होते: जुन्या कागदांत ज्यांच्यावर अन्याय आहे त्यांच्यावर नवे यंत्र तोच अन्याय कायमचा करील. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने पुरेसा कायदा होईपर्यंत योजना पुढे नेण्यास मनाई केली, डीएनएचे नमुने आणि राहण्याच्या जागेचे उपग्रही स्थान घ्यायला नकार दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये, माहिती-संरक्षणावरचा परिणाम आधी न तपासल्यामुळे, कार्डांचे वाटपही बेकायदा ठरवले. नुबियन माणसाचे दुखणे यमगरवाडीच्या माणसाला दुभाष्याशिवाय कळेल.

माल परदेशी पाठवणे या मुलखाला नवे नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जिथून तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि पुढे रोमन जगात. तिथे सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. कापड विकले की विणकराचा आणि नेसणाऱ्याचा संबंध संपत असे, कारण कापड नेसणाऱ्यावर हुकूम चालवत नाही. ओळख-यंत्रणेचे तसे नाही. कोण नागरिक, कुणाला धान्य, कुणाचा संशय, हे ठरवण्याचे साचे तिच्यात घातलेले असतात. ती विकणाऱ्याची किंवा फुकट देणाऱ्याची जबाबदारी बंदरावर संपली असे म्हणणे म्हणूनच नीतीला धरून नाही.

उलट दिशेने आलेल्या मालाचा अनुभव महाराष्ट्राने घेतलाच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे लक्ष्य झालेल्या जगभरातल्या सुमारे १,४०० फोनधारकांना सावध केले, त्यांत विचारवंत आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. एनएसओ सांगते की ती फक्त सरकारांना विकते, आणि निर्यातीचा परवाना इस्रायलचे संरक्षण मंत्रालय देते. म्हणजे एका सरकारने पाहून, शिक्का मारून सोडलेला हा माल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने कळवले की तपासलेल्या २९ पैकी पाच फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही. तिकडे अमेरिकेतल्या न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या दाव्यात एनएसओला जबाबदार धरले. ज्यांचे फोन होते त्यांच्या देशात खरेदीदार कोण, हेही अधिकृतपणे कळले नाही. ज्या कंपनीच्या सर्व्हरमधून घुसखोरी झाली तिला परक्या न्यायालयात न्याय मिळाला.

भीमा-कोरेगाव प्रकरणात त्याहून स्वस्त माल दिसला. जून २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केलेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल या न्यायवैद्यक कंपनीने तपासली. नेटवायर नावाच्या, तेव्हा बाजारात उघड विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने बावीस महिने त्यात घुसखोरी चालू होती आणि ज्या पत्रांवर खटला उभा आहे त्यांतली दहा बाहेरून पेरली गेली, असा तिचा फेब्रुवारी २०२१ चा अहवाल. तपास यंत्रणेला तो मान्य नाही, आणि खटल्यात त्याचा निवाडा अजून व्हायचा आहे. पण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने इथे एक नवीच गोष्ट घडलेली आहे. आजवर पाळत ठेवणाऱ्याची ताकद एवढीच होती की तो तुमचे केलेले पाहील. आता तुम्ही न केलेलेही तुमच्या खात्यावर लिहिता येते. चित्रगुप्तावर असा आळ कुठल्याही पुराणाने घेतलेला नाही.

'मी काही लपवत नाही, मग भ्यायचे कशाला' हे धाराशिवच्या चौकातही ऐकू येणारे वाक्य इथे तोकडे पडते. प्रश्न लपवण्याचा नाहीच. तो पारखण्याचा आहे. माणसाने माणसाला पारखू नये असे या मातीने कधी म्हटलेले नाही. गोरोबाकाका तेरचे. त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कुंभाराच्या थापटण्याकडे बोट दाखवले आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून मडकी पक्की की कच्ची ते पाहिले, ही कथा जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगते. सगळ्यांनी मुकाट सोसले, नामदेव तेवढे रागावले, आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. या कथेकडे आजच्या डोळ्यांनी पाहिले तर तिच्यातली माणुसकी फार वेगळ्या जागी सापडते. पारख भर सभेत झाली. पारखणारा कोण, हे ठाऊक होते, आणि तो स्वतः त्याच पंगतीतला होता. नामदेवांना रागावता आले, निकाल ऐकता आला, विठ्ठलाकडे तक्रार नेता आली. आणि 'कच्चे' ही नोंद कायमची राहिली नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले, शिकले, आणि वारकरी परंपरेने पुढे त्यांच्या नावापुढे ती खूण ठेवली नाही.

राज्यात २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची 'मार्व्हल' ही स्वतंत्र कंपनी नागपुरात स्थापन झाली आहे, आणि नाशिकच्या २०२७ च्या कुंभाची तयारी होत असताना प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभातल्या कॅमेऱ्यांचे दाखले दिले जात आहेत. तुळजापूरही या वाटेपासून फार काळ दूर राहणार नाही. गर्दी मोजणारा कॅमेरा आणि चेहरा ओळखून नाव जोडणारा कॅमेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला चेंगराचेंगरी टाळतो. दुसरा कोण कुठल्या देवाला, कुणाबरोबर, किती वेळा गेला हे लिहितो. मंदिर समित्यांनी, विश्वस्तांनी आणि पालिकांनी खरेदीच्या निविदेत हा फरक लेखी मागायला हवा: काय टिपणार, किती दिवसांनी पुसणार, तक्रार कुणाकडे. हे तंत्रज्ञांचे काम नाही. ते विश्वस्तांचे आहे, कारण भाविकाने त्यांच्यावर विश्वास टाकलेला असतो.

पुसण्याची तरतूद अगदीच नाही असेही नाही. २०२२ च्या त्याच ओळख कायद्यात लिहिलेले आहे की पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा सगळ्या अपिलांनंतर निर्दोष ठरला, तर न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तेव्हा त्याचे ठसे आणि नमुने नष्ट करायचे आहेत. धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने, कळंब आणि तुळजापूरच्या वकील संघांनी ही एक ओळ मराठीत आणि पारध्यांच्या बोलीत छापून पालांवर न्यावी, आणि निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाचा अर्ज भरून द्यावा. अशा अर्जांचे पुढे काय होते, किती नोंदी खरोखर पुसल्या जातात, हे मग माहितीच्या अधिकारात विचारता येईल. आणि मोसिप घेणाऱ्या देशाने भारताला 'तुमच्याकडे वही कोरी कशी होते' असे विचारले, तर दाखवायला निदान एका जिल्ह्याचा हिशोब असेल.